भामाबाईंचं हाड

या धाग्यावर नेहमी येणारे मला ओळखत असतील. कुणी आपला अमानवी अनुभव लिहिला, की खाली येऊन "घरात गॅस गीझर होता का?", "आदल्या रात्री झोप झाली होती का?", "औषधं कुठली चालू होती?" असं विचारणारी आगाऊ बाई – ती मीच. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. पण जे झालं ते एकदा कुणाला तरी नीट, पहिल्यापासून सांगायचंय. ज्यांना सांगावं अशी माणसं सध्या माझ्या आसपास फारशी नाहीत... म्हणून इथे लिहितेय. नावं सगळी बदलली आहेत. शंका जरूर काढा, मीही तेच केलं असतं.

मी चाकण एमआयडीसीत, निघोज्याच्या बाजूला, एका खासगी लॅबमध्ये काम करते. राहायला मोशीत. फ्लॅट घेतला तेव्हा बाल्कनीतून शेतं दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. नवरा – निखिल – गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. दोन वर्षांच्या डेप्युटेशनवर जर्मनीला गेला. दोनाची मुदत वाढली, मग आणखी वाढली. मूल नाही. सासू-सासरे दिराकडे नाशिकला. भांडण वगैरे काही झालेलं नाही, हे मुद्दाम सांगते. फोन येतात. आधी रोज यायचे, मग एक दिवसाआड, मग शनिवारी. बोलणं काय तर सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा इन्शुरन्स, तिकडे थंडी किती.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सॉलिड-स्टेट एनएमआर नावाचं यंत्र आहे. डोक्याच्या वर जाणारं एक मोठं चुंबक, पाण्याच्या टाकीसारखं दिसतं. त्यात एखादा पदार्थ ठेवायचा, त्याच्या अणूंना रेडिओ लहरींनी हलकंसं डिवचायचं आणि ते काय उत्तर देतात ते टिपायचं. त्या उत्तरावरून आतली रचना कळते. द्रवाचं उत्तर स्वच्छ येतं. रबर, सिमेंट, प्लास्टिक, हाड अशा घट्ट वस्तूंचं मात्र धूसर येतं, गर्दीत सगळे एकदम बोलावेत तसं. ते स्पष्ट व्हावं म्हणून नमुना पेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या कुपीत दाबून भरतात आणि ती कुपी, ज्याला आम्ही रोटर म्हणतो, एका ठराविक कोनात तिरकी धरून हवेच्या झोतावर फिरवतात. भिंगरीच म्हणा, फक्त एका सेकंदात हजारो फेरे घेणारी. तेव्हा ती शिट्टी घालते. बारीक, लांब, न तुटणारी शिट्टी. पहिल्यांदा आत येणारा माणूस कानावर हात ठेवतो. मला तिची इतकी सवय झालीय की बंद झाली तर चुकल्यासारखं होतं.

एरवी आमच्याकडे टायरचं रबर, बॅटरीतली पावडर असलं येतं. पण एका हॉस्पिटलबरोबर हाडांच्या ठिसूळपणावर एक प्रोजेक्ट सुरू झाला होता. खुब्याचं ऑपरेशन करताना हाडाचा जो गोळा काढून टाकतात, तो पेशंटच्या संमतीने आमच्याकडे यायचा. नाव नाही, गाव नाही, डबीवर फक्त कोड. मी त्यातला छोटा तुकडा घेऊन रोटरमध्ये भरायची. बाकीची हाडं एकेकदाच फिरली. त्यातलं एक मात्र, त्याला आपण सात-ब म्हणू, इतका सुंदर सिग्नल द्यायचं की यंत्र जुळवून घ्यायला मी रोज तेच वापरू लागले. जेवायच्या सुट्टीआधी लावायचं, सुट्टीभर फिरू द्यायचं, नंतर दुसरे नमुने. कित्येक आठवडे असं चाललं.

जेवायच्या सुट्टीत सगळा मजला कँटीनला जातो. मी जात नाही. एकटी बाई जेवत बसली की कुणीतरी येऊन "मिस्टर कधी येणार मग?" विचारतं. त्यापेक्षा चुंबकाभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर माझं टेबल आहे, तिथे डबा उघडायचा. दार बंद, शिट्टी चालू. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतलं एक अक्षर ऐकू येणार नाही. हे मी नंतर तपासलंसुद्धा.

आणि तिथे मी बोलायला लागले. मोठ्याने. आधी यंत्राशी, "चल बाबा, हो जुळता" वगैरे. मग हळूहळू निखिलशी. फोनवर जे सांगता येत नाही ते. "तुला आवडत नाही म्हणून कधी आणला नाही, आता तू नाहीयेस म्हणून दोडका केलाय. एवढा दोडका खाणार कोण, निखिल?" असलं काहीतरी. वेडेपणा होता, कळत होतं. पण शिट्टीखाली आपलाच आवाज आपल्याला अर्धा ऐकू येतो, त्यामुळे लाज वाटायची नाही.

एके दिवशी प्रोजेक्टवरच्या डॉक्टरांचा फोन आला. हाडांचे डॉक्टर, त्यांना डॉ. बोरकर म्हणू. रिपोर्ट कधी मिळतील ते विचारलं आणि मग सहज म्हणाले,

"मॅडम, तुमच्या स्टडीतल्या एका आजींची गंमत सांगू? ऑपरेशन एकदम छान झालं. पण म्हणतात, रोज दुपारी कानात शिट्टी वाजते आणि घर गरगर फिरतं."

"कानाचं काही असेल," मी म्हटलं.

"कान बघितला, बीपी बघितलं, डोक्याचा स्कॅन केला. सगळं नॉर्मल. बरं, एवढ्यावर थांबत नाहीत. शिट्टीत एक बाई बोलते म्हणे. नवऱ्याशी भांडते. दोडका कोण खाणार म्हणून विचारते." ते हसले. "दोडका, मॅडम. काय एकेक डोकं असतं."

मला हसता आलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर... त्यांचं हाड सात-ब आहे का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तेच एक मी रोज दुपारी फिरवते."

डॉक्टर शास्त्राचे. म्हणाले, योगायोग. दोडका काय, घरोघरी असतो. मीही तेच म्हटलं. पण मला त्यांना भेटायचंय असा हट्ट धरला. त्यांनी घरच्यांना विचारलं. नियमात बसत नव्हतं, पण आजींच्या सुनेनेच 'पाठवा' म्हटलं, आणि निघोज्याचा पत्ता मिळाला. लॅबपासून इतकं जवळ, की मी रोज त्या घराच्या गल्लीवरून जात होते.

घर नवीन, दुमजली. मागे भाड्याने दिलेल्या खोल्या, दारादारांत कंपनीचे सेफ्टी शूज. सून – सुरेखा – एका पॅकिंगच्या कंपनीत कामाला. मला दारातच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आईंना सारखी भोवळ येते. परवा पडता पडता वाचल्या. आता परत पाय मोडला तर काही खरं नाही. झोपेच्या गोळ्या दिल्यात, तर दिवसभर गुंगीत असतात. आमचे हे म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. शेजारी काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको."

आत कॉटवर भामाबाई पडल्या होत्या. सत्तरीच्या, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. शेजारी वॉकर. त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. मी फक्त "नमस्कार, मावशी" म्हटलं.

त्या सावकाश वळल्या. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या,

"आली का दोडक्याची बाई."

सुरेखाने खुर्ची सरकवली.

"मावशी, तुम्हाला काय ऐकू येतं?"

"पैलं शिटी. कुकरवानी न्हाई, बारीक, लांबडी. मंग समदं घर जात्यावानी फिरतं. डोळं मिटून गप पडलं की मंग तुमी बोलता."

"काय बोलते मी?"

त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं. "सुरेखा, च्या टाक गं बाईंना." ती आत गेल्यावर हात पुढे करून माझं मनगट धरलं. "त्यो येनार न्हाई का, म्हून इचारता तुमी. रोज इचारता. भिताडाला इचारून काय व्हतंय? त्यालाच इचारा की."

हे वाक्य – "तू आता येणारच नाहीयेस ना?" – मी त्या खोलीबाहेर कुठेही, कुणापाशीही उच्चारलेलं नव्हतं. बहिणीपाशीसुद्धा नाही. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण त्याआधी वाटलं ते वेगळं होतं. कुणीतरी ऐकत होतं... इतके दिवस, रोज, कुणीतरी पूर्ण ऐकत होतं.

मी त्या दिवसापासून सात-ब फिरवणं बंद केलं. आठवडाभर भामाबाईंना एकदाही भोवळ आली नाही. सुरेखाचा फोन आला, "मॅडम, देवच पावला." डॉक्टर म्हणाले, तुम्ही भेटून आलात, मनावरचा ताण गेला, एवढंच. आणि मला ते पटण्यासारखं होतं. म्हणून मी चाचणी करायचं ठरवलं. धोका होता, म्हणून आधी भामाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "करा की. येडी हाय का न्हाई, ते मलाबी कळू द्या."

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी. सुरेखालाही गुरुवारीच. ठरलं असं, की मावशी सकाळपासून कॉटवर पडून राहतील, सुरेखा शेजारून हलणार नाही, आणि मी केव्हा सुरू करणार ते त्या दोघींना सांगणार नाही. लॅबमध्ये वॉचमन सोडून कुणी नव्हतं. आधी मी रोटर चुंबकात ठेवला, पण फिरवला नाही, आणि बराच वेळ बोलत राहिले. फोन वाजला नाही. मग हवा सोडली. शिट्टी चढत गेली, स्थिर झाली. आता काय बोलावं... सुचेना. मुद्दाम ठरवून बोलायला गेलं की तोंडाला कुलूप लागतं. म्हणून समोर दारावर जी पाटी होती तीच मोठ्याने वाचायला लागले. "सावधान. तीव्र चुंबकीय क्षेत्र. पेसमेकर असलेल्या व्यक्तींनी आत येऊ नये. घड्याळ, किल्ल्या, बँकेची कार्डे बाहेर ठेवावीत."

दुसऱ्यांदा वाचत होते तेवढ्यात फोन. सुरेखा.

"मॅडम, थांबवा. आईंनी कॉटची पट्टी घट्ट धरलीय. त्या म्हणताहेत, बाई पाटी वाचतायत. किल्ल्या बाहेर ठेवा म्हणतायत. मॅडम, किल्ल्यांचं काही म्हणालात का तुम्ही?"

मागून भामाबाईंचा आवाज आला, "तिला म्हनावं वाचू नगं. मनातलं बोल."

मी यंत्र बंद केलं.

तुम्ही विचाराल ते मी आधीच तपासलंय. ती पाटी त्या घरातल्या कुणीही पाहिलेली नाही. फोन त्या वेळी टेबलावर चालू होता, पण कॉल लागलेला नव्हता. खोलीत माईक नाही. वॉचमन गेटवर होता, गेट लांब आहे.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. हाड परत करून मोकळं व्हायचं. मी संध्याकाळी तेच सांगायला निघोज्याला गेले. पण भामाबाई म्हणाल्या, "कशापायी? मी आडवी पडून ऐकीन. सांगून सुरू करत जावा, म्हंजी पडायचं भ्या न्हाई."

"तुम्हाला त्रास होतो, मावशी."

"व्हय, व्हतो. पर दिसभर घरात हाय कोन? पोरगा दत्ता ड्युटीवर, ही ड्युटीवर. मागं भाडेकरू हायत, त्यांची भाषा मला कळंना, माझी त्यास्नी. तुमच्या त्या शिटीत मानूस तरी हाय."

"मी फोन करत जाईन ना रोज."

"फोनात खरखर येती. आन् फोनवर तुमी गोड बोलता." त्यांनी मान हलवली. "तितं खरं बोलता."

मी हो म्हटलं. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

ते काही दिवस... आता आठवले तरी बरं वाटतं. जेवायच्या सुट्टीआधी मी सुरेखाने घरी ठेवलेल्या साध्या फोनवर एक रिंग द्यायची. भामाबाई आडव्या व्हायच्या. मग मी रोटर फिरवायची आणि बोलायची. आता निखिलशी नाही, त्यांच्याशी. सकाळी नाशिक रस्त्याला कशी अडकले, वर राहणाऱ्या बाई रोज पहाटे मिक्सर का लावतात, लहानपणी आमच्या घरी म्हैस होती ती. संध्याकाळी घरी जाताना पाच मिनिटं त्यांच्याकडे थांबायची. त्या दुपारच्या बोलण्यातला धागा पकडून पुढे सुरू करायच्या, "मंग त्या म्हशीचं काय झालं?" कधी रागवायच्याही. "आज लई भरभर बोलला. मला आधीच गरगरतंय."

आणि रोज शेवटी तेच. "इचारलं का त्याला?"

एका शनिवारी विचारलं. निखिल थंडीबद्दल बोलत होता, मी मध्येच म्हटलं, "निखिल, तू परत येणार नाहीयेस ना?" स्क्रीनवर त्याचा चेहरा होता, पण तो दुसरीकडे बघत होता. मग म्हणाला, "मी सांगणारच होतो. तुला कसं सांगावं कळत नव्हतं." दुसरं कुणी नव्हतं, असं तो म्हणाला, आणि मला ते खरं वाटतं. त्याला तिथे बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्यात मी कुठे बसत नव्हते, एवढंच. मी ओरडले नाही. बोलून झाल्यावर कुकर लावला, वरण-भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे मी पहिल्यांदा त्या शिट्टीत सांगितलं. रडले तिथेच, आणि पहिल्यांदाच आपण एकट्या रडत नाही आहोत असं वाटलं. संध्याकाळी गेले तेव्हा भामाबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं – त्या ऑपरेशन झालेल्या पायाच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या – आणि केसांतून बोटं फिरवत राहिल्या. त्यांचा तळवा गरम होता. सुरेखा दारात येऊन परत गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सुरेखाचा फोन आला. कामावरून, मागे मशीनचा आवाज.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका. आई तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. पण आता भोवळ दुपारपुरती राहिली नाही. यंत्र बंद झालं तरी तासन् तास घर फिरत राहतं त्यांचं. जेवलेलं पडतं. काल मोरीत जाताना भिंत धरून उभ्या होत्या, मला म्हणाल्या, बाईला बोलू नकोस. मॅडम... त्यांचा जीव जाईल हो."

मी पाहिलं नव्हतं असं नाही. त्या वाळत चालल्या होत्या. मला वाटत होतं, ऑपरेशननंतर होतं तसं.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते रागावले, आणि बरोबर होतं त्यांचं. पेशंटने नमुना परत मागितला तर तो द्यावा लागतो, त्या नियमाखाली, सुरेखाकडून अर्ज घेऊन, सात-ब प्रोजेक्टमधून काढलं. मी रोटर उघडला, आतला दाबून बसलेला तुकडा आणि पूड बारीक हत्याराने खरवडून काढली, एक कणही राहू नये म्हणून रोटर पुन्हा पुन्हा धुतला. फ्रीजरमधला उरलेला गोळा आणि ती पूड एका डबीत घातली. डबी निघोज्याला मीच घेऊन गेले.

भामाबाईंनी ती हातात घेऊन हलवून बघितली. "एवढंसंच?" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "थोडं ऱ्हाऊ द्यायचं व्हतं तुमच्याकडं."

"नाही, मावशी."

"बरं." त्यांनी डबी सुनेकडे दिली. "येत जावा मंग. शिटी न्हाई तर तोंडानं सांगा."

दत्ताने संध्याकाळी ती शेतात, विहिरीकडच्या बांधाला खड्डा करून पुरली. मी लांब उभी होते.

पुढचे काही आठवडे मला जमलं नाही. वकील, कागद, नाशिकला सासऱ्यांना जाऊन सांगणं, हे सगळं एकदम आलं. सुरेखा मेसेज करायची: आई बऱ्या आहेत, जेवतात, वॉकर सुटला. मला फार हायसं वाटायचं. एका गुरुवारी सवड काढून गेले. जाताना त्यांच्यासाठी मऊ चपला घेतल्या, न घसरणाऱ्या.

भामाबाई अंगणात होत्या. हातात काठी, अंग भरलेलं, एका भाडेकरणीला खुणांनी पापड कसे वाळत घालायचे ते दाखवत होत्या. मला बघून थांबल्या.

"या. कोन पायजे?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, "मावशी, मी."

त्या बघत राहिल्या. चेहऱ्यावर अगदी खरं, आगत्याचं, अनोळखी हसू. "दवाखान्यातल्या का? या, बसा. माझा पाय आता झ्याक हाय बघा."

सुरेखा धावत बाहेर आली, मला बाजूला घेतलं. म्हणाली, ती डबी पुरली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून असंच आहे. ऑपरेशन आठवतं, हॉस्पिटलमधल्या नर्सचं नाव आठवतं, पडल्या ती जागासुद्धा आठवते. शिट्टी, भोवळ, बाई – यातलं काही नाही. "मी तुम्हाला मेसेजमध्ये कसं लिहू, मॅडम?"

मी बसले. चपला दिल्या, त्यांनी घालून बघितल्या, आवडल्या. चहा झाला. नवीन पाहुणीला विचारतात तसं भामाबाईंनी विचारलं, "मालक काय करत्यात तुमचं?"

मी म्हटलं, "जर्मनीला असतात."

"लांब हाय बाई. पर येतील की दिवाळीला."

मी हो म्हटलं.

डॉ. बोरकरांच्या मते यात विशेष काही नाही. म्हाताऱ्या माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, काही महिने टिकतो, आणि उतरला की त्या काळातलं आठवत नाही. हे मी वाचलंय, खरं आहे ते. मग दोडका? पाटीवरच्या किल्ल्या? यावर ते म्हणतात, "मॅडम, ते मला विचारू नका." मीही हाड, चुंबक, फिरणारा रोटर, सगळं मला येत असलेल्या शास्त्रातून उलटसुलट तपासून बघितलं. निघोज्यातलं माणूस आणि लॅबमधला हाडाचा तुकडा यांच्यात काही जावं-यावं, असं त्यात कुठेच काही नाही.

यंत्र चालूच आहे. सध्या टायरचं रबर लावलंय, शिट्टी तीच. मी आता त्या खोलीत बोलत नाही. डबा घेऊन कँटीनला जाते.

कुणाला काही स्पष्टीकरण सुचलं तर खाली लिहा, कितीही लांब असलं तरी. मी सगळं वाचते. संध्याकाळी मला वेळच असतो.